चहाला नको म्हणणारी ती दोन पोरं

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय:

"ताई, आम्ही नेब्रास्कात ओमाहाला राहतो. सध्या सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्यात. थँक्सगिव्हिंग झाल्यावर एका संध्याकाळी साडेपाचला बेल वाजली, बाहेर मिट्ट काळोख, कडाक्याची थंडी आणि दारात दोन पोरं, पांढरा शर्ट, टाय, कोटावर काळी पाटी. मॉर्मन मिशनरी, म्हणजे त्या ख्रिस्ती पंथाचे घरोघर फिरणारे प्रचारक. दोघांच्याही पाटीवर पहिलं नाव एल्डर, मला वाटलं सख्खे भाऊ आहेत. मी आत या म्हटलं तर आत कोण कोण आहे विचारलं आणि उंबऱ्यातच उभे राहिले. सासूबाईंनी आलं घालून चहा करून आणला तर एकमेकांकडे बघून नको म्हणाले. ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, आपल्या हातचं चालत नसेल त्यांना, आणि रात्रभर गप्प होत्या. पुढच्या आठवड्यात तीच पोरं आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ न सांगता काढून गेली. त्यातला लहान म्हणाला घराबाहेरचा त्याचा हा पहिला ख्रिसमस. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल, त्यामुळे मला काय वाटलं असेल ते तुम्हाला कळेल. मला त्यांना 25 ला जेवायला बोलवायचंय. मिस्टर म्हणतात धर्म बदलायला आलेत, एकदा आत घेतलंस की रोज येतील, पोराच्या डोक्यात काहीतरी भरवतील, आणि बोलावलंसच तर मी त्यांना चाळीस बायकांचं विचारणार. काय करू?"

अगं, सगळ्यात आधी हे उत्तर सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखव, कारण तुझ्या प्रश्नापेक्षा मला त्यांचं ते रात्रभर गप्प बसणं जास्त लागलंय. आपल्या हातचं चालत नाही हे त्यांच्या पिढीच्या बाईच्या तोंडून येतं तेव्हा त्याच्यामागे काय काय असतं ते आपल्याला माहितीये, वेगळा ठेवलेला कप, लांबून ओतलेलं पाणी, सगळं. तर काकू, ऐका, तो चहा इंग्लंडच्या राजाने स्वतः ओतून दिला असता तरी त्या पोरांनी नकोच म्हटलं असतं. त्यांच्याकडे 1833 पासूनचा नियम आहे, दारू नाही, तंबाखू नाही, चहा नाही, कॉफी नाही. मूळ शब्द गरम पेयं असा आहे आणि त्याचा अर्थ चहा-कॉफी असा लावला गेला, त्यामुळे गंमत अशी की वाफाळता कोको चालतो आणि बर्फ घातलेला थंडगार चहा चालत नाही. ग्रीन टी पण नाही. तुमच्या आल्याचा काही दोष नाही, दोष त्या चहापत्तीचा. नुसतं आलं-गवती चहाचा काढा दिला असता ना, दोघांनी दोन-दोन कप मागून प्यायले असते.

मी हे एवढं ठासून सांगतेय कारण मी स्वतः याहून मोठा घोटाळा केलाय. आम्ही अकरा वर्षं युटात होतो, सॉल्ट लेकच्या दक्षिणेला, जिथे आमच्या गल्लीत आमचं एक आणि अजून एक घर सोडलं तर बाकी सगळे त्याच चर्चचे. पहिल्या डिसेंबरला समोरच्यांनी घरी केलेला ब्रेड आणून दिला म्हणून परतफेड करायला मी फ्रूटकेक केला, ऑक्टोबरपासून सुकामेवा रममध्ये मुरवून ठेवलेला, पुण्याच्या कॅम्पातल्या बेकरीतल्यासारखा झाला पाहिजे म्हणून काय ती मेहनत. तिने पहिला घास तोंडात घातला, थांबली, आणि अगदी हळू आवाजात विचारलं की यात काही आहे का गं. मी अभिमानाने सांगितलं, अर्धी बाटली. तिने घास टिश्यूत काढून ठेवला आणि मग आम्ही दोघी एवढ्या हसलो की तिचा नवरा बघायला बाहेर आला. पण पहिले दहा सेकंद मला सासूबाईंसारखंच झालं होतं, खोटं कशाला बोलू.

आता ते उंबऱ्यात उभं राहणं. त्या दिवशी मिस्टर ऑफिसला आणि घरात तुम्ही दोघीच असणार, बरोबर ना? आत कोण आहे ते त्यांनी उगीच नाही विचारलं. घरात मोठा पुरुष माणूस नसेल आणि फक्त बायका असतील तर ही मुलं आत पाऊल टाकत नाहीत, बाहेर उणे पंधरा असो नाहीतर उणे पंचवीस. त्यांना एकमेकांपासूनही लांब जाता येत नाही, जोडीदार सतत दिसेल आणि ऐकू येईल इतक्या अंतरावर पाहिजे, बाथरूम सोडून. आणि हा जोडीदार त्यांनी निवडलेला नसतो, वरून नेमून दिलेला असतो, त्याला कम्पॅनियन म्हणतात.

एल्डर हे नाव नव्हे गं, ती पदवी, म्हणजे वडीलधारे! एकोणीस वर्षांचं पोरगं, मिशीची धड रेघ नाही, आणि वडीलधारे. मुलींना सिस्टर म्हणतात. दोन वर्षं त्यांना पहिल्या नावाने कोणी हाक मारत नाही, आई सोडून. मुलगे अठरा पूर्ण झाल्यावर जाऊ शकतात (2012 च्या आधी एकोणीस लागायचं), दोन वर्षांसाठी, मुली दीड वर्षासाठी. कुठे जायचं ते स्वतः ठरवता येत नाही, चर्चकडून पत्र येतं, पूर्वी मोठं पांढरं पाकीट यायचं आणि सगळी गल्ली ते उघडायला जमायची, आता फोनवर येतं तरी जमतात. कोणाला ब्राझील, कोणाला फिलिपिन्स, कोणाला ओमाहा. ओमाहा आलं की चेहरा पाडायचा नाही अशी रीत. आणि पगार वगैरे काही नाही हं, उलट हेच पैसे भरतात, अमेरिकेतल्या मुलांना 2020 पासून महिन्याला 500 डॉलर. त्या लहान एल्डरने पंधराव्या वर्षापासून बर्गरच्या दुकानात फ्राइज तळून ते पैसे साठवले असण्याची शक्यता बरीच आहे, आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांनी तसंच केलं होतं.

रोजचं म्हणशील तर सकाळी साडेसहाला उठायचं, व्यायाम, आंघोळ, मग दोन तास वाचन, त्यातलं काही एकट्याने काही जोडीदाराबरोबर, दहाच्या सुमाराला बाहेर पडायचं ते रात्री नऊपर्यंत, साडेदहाला दिवे बंद. टीव्ही नाही, सिनेमे नाहीत, मैत्रीण नाही. आठवड्यातला एक दिवस, बहुतेक ठिकाणी सोमवार, त्याला पी-डे म्हणतात, त्यात कपडे धुवायचे, किराणा आणायचा, केस कापायचे, घरी फोन आणि मेल करायचे आणि संध्याकाळी सहाला परत कामावर. थोडक्यात हॉस्टेल आणि एनसीसी कॅम्प एकत्र करून त्यात दारोदार विक्रीची नोकरी मिसळली की जे होईल ते, आणि विकायची वस्तू अशी की कोणालाच नकोय.

त्यात डिसेंबर. बाकीचे महिने लोक दार तरी उघडतात, पण डिसेंबरमध्ये कोणाला वेळ नसतो, पाहुणे आलेत, पार्टी आहे, नंतर या. ठरलेल्या भेटी रद्द होतात. ओमाहात तर पाचच्या आधीच सूर्य मावळतो, म्हणजे पाच ते नऊ हे चार तास ही पोरं अंधारात, प्रत्येक खिडकीत झाड आणि दिवे लागलेत ते बघत बघत बर्फातून चालत असतात. म्हणून फावडी घेऊन लोकांचे ड्राइव्हवे साफ करतात, वृद्धाश्रमात जाऊन कॅरल म्हणतात, चर्चची ख्रिसमसची सेवेची मोहीम असते त्यात राबतात. काही जण मनापासून करतात, आणि काही जण, माझ्या समजुतीप्रमाणे, हात चालू राहिले की घर आठवत नाही म्हणून करतात. तुमचा बर्फ कुठल्या कारणाने निघाला ते त्यांनाच माहिती.

समोरच्या त्या रमवालीचा मोठा मुलगा 2014 ला नॉर्थ डाकोटात होता. तेव्हा नियम असा की घरी फोन वर्षातून दोनदाच, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. मी त्या 25 तारखेला सकाळी त्यांच्याकडे लाडू द्यायला गेले आणि अडकले, कारण स्काइप लागायच्या बेतात होतं आणि कोणी दार लावायलाही उठेना. तिने फ्रिजवर कागद लावलेला, कोण किती मिनिटं बोलणार त्याचा. धाकट्या बहिणीला सहा मिनिटं, आजोबांना पाच, कुत्र्याला एक. कॉल लागला, पोरगं दिसलं, केस बारीक कापलेले आणि गाल आत गेलेले, आणि सगळे एकदम ओरडले आणि मग अर्धा मिनिट कोणालाच काही सुचेना. आईने विचारलं काय, तर तुझ्याकडे उलनचे मोजे आहेत ना. सहा महिने साठवलेलं सगळं बोलणं बाजूला आणि मोजे! कॉल संपल्यावर ती सिंकपाशी गेली आणि स्वच्छ भांडी परत धुवायला लागली. मी लाडवांचा डबा ओट्यावर ठेवून निघून आले.

तो परत आल्यावर मी एकदा त्याला विचारलं की सगळ्यात अवघड काय होतं रे, थंडी का? तर म्हणाला थंडी नाही, दारं आपटणं पण नाही, सवय होते. त्याच्या जोडीदाराचं आणि त्याचं भांडण झालेलं, कशावरून तर भांडी कोणी घासायची यावरून, आणि ख्रिसमसच्या आदल्या रात्री दोघं एका खोलीत, दोन दिवस अबोला, डब्यातली मॅकरोनी खात समोरासमोर बसलेले. उठून दुसरीकडे जाताही येत नाही, कारण नियम. मग म्हणे एका म्हाताऱ्या बाईचा फोन आला, तिच्या पायऱ्यांवर बर्फ साचलाय येता का, आणि दोघं एवढ्या आनंदाने उठले की जणू लॉटरी लागली.

हे सांगितलं ते तुला रडवायला नाही, कारण आता एक गोष्ट बदललीये. 2019 च्या फेब्रुवारीपासून त्यांना दर आठवड्याला पी-डेला घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो, सणावारीही करता येतो. तेव्हा तुझा लहान एल्डर सोमवारी आईशी बोलला असेल आणि 25 लाही बोलेल. तुझ्या डोक्यात जे कोणी नाही बिचाऱ्याला असं चित्र तयार झालंय ते जरा पुसून काढ. तो स्वतः ठरवून आलाय, कामावर आहे, त्याला वाचवायचं नाहीये, जेवायला घालायचंय फक्त. तुझं पोरगं पुढच्या वर्षी जाणार म्हणून तुला जे होतंय ते वेगळं आहे आणि ते त्या दोघांच्या ताटात वाढू नकोस, पुरणपोळी वाढ.

आता मिस्टरांचं. ते अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत, हे मला कबूल करावंच लागेल. ही मुलं लोकांना आपल्या चर्चमध्ये आणायलाच फिरतात, ते लपवतही नाहीत. तुम्ही कुठे राहता, काय बोलणं झालं हे त्यांच्या फोनमधल्या ॲपमध्ये नोंदलं जातं, ही जोडी बदलून गेली की पुढची जोडी ते वाचून तुमची बेल वाजवू शकते. म्हणून बोलावतानाच स्पष्ट लिहायचं, त्यांनी दिलेल्या कार्डावर नंबर असेल त्यावर मेसेज कर, की आमचा धर्म आम्हाला आहे, त्यावर चर्चा नको, पण जेवायला या, आवडेल आम्हाला. आपण भिडस्त लोक, आपण बघू, विचार करू, पुस्तक ठेवून जा असं म्हणतो आणि ते बिचारे त्याचा अर्थ आशा आहे असा घेतात आणि चार वेळा येतात, मग आपण पडदे लावून घरात नसल्यासारखं बसतो. मी केलंय, सोफ्यामागे बसून. सरळ ‘नाही’ असं सांगितलं तर त्यांना खरंच बरं वाटतं, त्यांचा तेवढा वेळ वाचतो.

मुलाच्या बाबतीत, आईवडिलांच्या परवानगीशिवाय ते अठराच्या खालच्या मुलाला दीक्षा देऊ शकत नाहीत, तो त्यांचा स्वतःचाच नियम आहे, तेव्हा झोप उडवून घेऊ नका. टेबलावर बसू दे त्याला त्यांच्याबरोबर, बास्केटबॉलवर बोलतील. आणि घरापासून लांब राहून स्वतःचे कपडे धुणारं पोरगं तुझ्या चिरंजीवांनी जवळून बघितलं तर नुकसान नाही काही.

चाळीस बायकांचं मात्र मिस्टरांना सांग, प्लीज नको. बहुपत्नीत्व चर्चने 1890 मध्ये अधिकृतपणे थांबवलं, आज कोणी तसं केलं तर सभासदत्व जातं. त्या पोराला चाळीस सोड, एका मुलीबरोबर आइस्क्रीम खायला जायची दोन वर्षं मुभा नाही आणि तुम्ही त्याला हे विचारणार, वर त्याने हे आधी शंभर दारांत ऐकलेलं असणार. इतिहासाचीच हौस असेल तर मिस्टरांना आणि काकूंना घेऊन एका रविवारी तुमच्याच गावात फ्लॉरेन्स भागात जा. 1846 मध्ये या लोकांना इलिनॉयमधून हुसकून लावलं तेव्हा ते मिसुरी नदीच्या काठी तिथेच थांबले होते, विंटर क्वार्टर्स म्हणतात त्याला, ओंडक्यांच्या झोपड्या, काही तर नुसती मातीत खोदलेली बिळं, आणि त्या हिवाळ्यांमध्ये शेकडो लोक थंडीने, आजाराने, स्कर्व्हीने गेले. मग 1847 च्या वसंतात पहिली तुकडी पश्चिमेला निघाली आणि जुलैत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली. म्युझियमला तिकीट नाही, आणि शेजारच्या जुन्या कब्रस्तानात एक पुतळा आहे, आईबाप मुलाच्या थडग्यापाशी उभे आहेत आणि वाऱ्याने अंगावरचा झगा उडतोय. मी तो जानेवारीत बघितला, बोटं बधिर झाली होती तरी हलवेना तिथून. मिस्टर हे बघून आले तर त्यांना विचारायला दुसरे प्रश्न सुचतील.

(आणि हो, 2018 मध्ये त्यांच्या तेव्हाच्या प्रमुखांनी मॉर्मन हा शब्द वापरू नका असं सांगितलंय, पूर्ण नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. तुझ्या पत्रात होता म्हणून मी पण वापरला, समोर मात्र एवढं लांब नाव नाही घेता आलं तर नुसतं तुमचं चर्च म्हण.)

तर बोलव. पण माझं ऐकशील तर 25 ला नको. त्या दिवशी त्यांच्या चर्चमधल्या एखाद्या घराने आधीच नाव लावून ठेवलेलं असतं, तू विचारशील, ते नाही म्हणतील आणि काकू परत गप्प होतील. त्यांना 27 किंवा 28 ला बोलव. 25 ला सगळ्यांना त्यांची आठवण येते, 26 पासून कोणालाच येत नाही, रस्त्यावर वाळकी झाडं टाकलेली आणि ही दोघं परत बेल वाजवत. जानेवारीवर मात्र ढकलू नकोस, एकतर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास असतो, दुसरं म्हणजे दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात आणि त्याची बातमी थोडेच दिवस आधी येते, तुझा लहान एल्डर अचानक लिंकनला गेलेला असेल आणि दारात तिसराच कोणी उभा राहील, तोही एल्डरच.

मिस्टर घरी पाहिजेत हे लक्षात ठेव, नाहीतर परत उंबरा. साडेपाच-सहाला बोलाव, तासाभरात उठतील, आग्रह करून थांबवू नकोस, पुढची भेट असते. जेवायला मटण, चिकन काही चालतं, शाकाहारी केलंस तरी पडेल ते खातात, रोज सीरिअल आणि पास्ता खाणारी जात ती, मी एकदा पावभाजी केली तर एकाने सात पाव खाल्ले आणि मग ताटाचा फोटो काढून आईला पाठवू का विचारलं. तिखट भाजीत नको, ठेचा बाजूला वाटीत ठेव, एखादा शूर निघतोच. तिरामिसू नको, त्यात कॉफी. रमवाला केक नको, हे आता वेगळं सांगायला नको. जेवणाआधी ते प्रार्थना करू का म्हणून विचारतील, हो म्हण, आणि त्यांची झाली की काकूंना त्यांचा जेवणाआधीचा श्लोक म्हणू दे, पोरं डोळे मिटून ऐकतील आणि शेवटी आमेन म्हणतील, हसू नका. द्यायचंच काही तर चिवडा, लाडू, चांगले हातमोजे. मोठं काही देऊ नकोस, सगळा संसार दोन बॅगांत असतो.

आणि जेवण झाल्यावर काकूंनी मसाला दूध करावं, भरपूर केशर, जायफळ जरा बेताने. त्यांच्याच हाताने नेऊन द्यावं, चांगलं गरम. कप खाली ठेवायच्या आधी विचारतील की यात टी नाहीये ना, तेव्हा काकूंनी न रागावता नाही म्हणायचं. पांढऱ्या मिश्या फुटतील वडीलधाऱ्यांना, त्याचा एक फोटो मला पाठव, चेहरे नको, नुसते रिकामे कप पाठवलेस तरी चालेल.